मागची सीट

लिफ्ट दुरुस्त करणारी बाई स्वतःच लिफ्टमध्ये अडकली, यात हसण्यासारखं काही नाही असं तिचं ठाम मत होतं. इस्पितळांतल्या, कचेऱ्यांतल्या, चिंचोळ्या इमारतींतल्या कितीतरी लिफ्ट तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि सगळं शहर तिला लिफ्टबाई म्हणूनच ओळखायचं. पण त्या दिवशी मोटरसायकलींच्या शोरूममधली मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली, तेव्हा आत दोघीच होत्या. एक लिफ्टबाई आणि दुसरी एक लालभडक स्पोर्ट बाईक.

झालं होतं असं. ती बाईक तळघरातल्या गोदामातून वर आणताना लिफ्ट रुसून बसली, म्हणून लिफ्टबाईला बोलावणं गेलं. तिनं दाराची कळ साफ केली, एक स्प्रिंग बदलली आणि खात्री करून घ्यावी म्हणून बाईकसकट आत उभी राहून वरचं बटण दाबलं. अर्ध्या वाटेत लिफ्टनं पुन्हा मान टाकली. आता वरच्या यंत्रखोलीत जाऊन हातानं चाक फिरवल्याशिवाय ती हलणार नव्हती, आणि ते चाक फिरवता येणारं शोरूममधलं एकमेव माणूस आत कोंडलेलं होतं. तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, हातातलं काम उघडं टाकून येता येणार नाही, तोवर जरा बसून घ्या.

बसायला जागा एकच होती.

तसं पाहिलं तर मोटरसायकल तिला नवी नव्हती. कॉलेज सुटल्यापासून ती मोटरसायकलच चालवत होती, आणि गेली कित्येक वर्षं एकच. ताठ बसायची, रुंद सीटची, दोन्ही बाजूंना हत्यारांच्या पेट्या लावलेली ती गाडी म्हशीसारखी शांत होती आणि तितकीच आज्ञाधारक. असल्या लाल बाईकवाल्यांकडे पाहून लिफ्टबाई आजवर फक्त नाक मुरडत आली होती. जगायचा कंटाळा आलाय वाटतं, असं ती म्हणायची.

ती त्या बाईकवर बसली आणि अंग आपोआप पुढे झुकलं. हात पुढे गेले, पाय मागे गेले, हनुवटी टाकीच्या वर आली. गाडी बंद होती, चावीसुद्धा नव्हती, पुढे लिफ्टची पत्र्याची भिंत होती. तरी तिनं उजवं मनगट एकदा पिळून पाहिलं. जन्मभर तिनं एकच काम केलं होतं: एखादी वस्तू ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं जाऊ न देण्याचं. आणि आता तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे जे होतं, त्याला ठरलेला वेग माहीतच नव्हता.

वर शोरूमच्या फरशीवर विक्रेता पालथा पडून खाली डोकावत होता. लिफ्टला जाळीचं दार होतं आणि त्या जाळीतून त्याला फक्त तिचं कामावरचं हेल्मेट आणि बाईकचे आरसे दिसत होते. बिचारा आधी तिला धीर द्यायला आला होता. पण समोर गिऱ्हाईक बसलंय आणि पळून जाऊ शकत नाही, असा योग त्याच्या नशिबात पहिल्यांदाच आला असावा. धीर देता देता त्यानं इंजिनाची ताकद सांगितली, मग ब्रेकची, मग चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेची. सहकारी येऊन चाक फिरवून लिफ्ट वर येईपर्यंत विक्रेता रंगांपर्यंत पोचला होता.

"मॅडम, उतरा आता," सहकारी म्हणाला.

"हो, हो," लिफ्टबाई म्हणाली. पण उतरली मात्र जरा वेळानं.

घरी नवरा टेबलाशी पुस्तक वाचत बसला होता. तो शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल होता. दिवसभर स्वतः गप्प राहायचं आणि दुसऱ्यांना गप्प बसवायचं, ही त्याची नोकरी. त्यानं कधी कुठलीच गाडी चालवली नव्हती. लग्नानंतर रोज सकाळी लिफ्टबाई त्याला वाचनालयाच्या दारात सोडायची आणि संध्याकाळी घेऊन यायची. दिवसभर तोंडात साठलेलं सगळं तो मागच्या सीटवर बसून मोकळं करायचा. गाडी सुरू झाली की तोही सुरू व्हायचा, गाडी थांबली की थांबायचा. शेजारचा बेकरीवाला म्हणायचा की वहिनींच्या गाडीला एक सायलेन्सर कमी आहे.

लिफ्टबाईनं लिफ्टचा किस्सा सांगितला आणि मग, सहज सांगितल्यासारखं दाखवत, बाईकचंही सांगितलं. घ्यावी का, असा नुसता विचार मनात आलाय म्हणाली. विक्रेत्यानं दिलेलं चित्रांचं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं. नवऱ्यानं चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेवटच्या पानावरच्या छपाईखान्याच्या पत्त्यासकट वाचलं. मग एका चित्रावर बोट ठेवलं.

"हे मागे काय आहे?"

"सीट आहे ती. मागची."

"ही? ही शिंप्याची टाचण्या खोचायची गादी आहे."

गाडी चांगली दिसते, असंही म्हणाला. तुझी हौस आहे तर बघ, असंही म्हणाला. इतक्या समजूतदारपणे म्हणाला की लिफ्टबाईला काळजी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा मागे बसला आणि घरापासून वाचनालयापर्यंत एक अक्षर बोलला नाही. संध्याकाळी येतानाही नाही. रुसला होता म्हणावं तर उतरल्यावर हसून बोलत होता. त्या शांततेत लिफ्टबाईला आपल्या गाडीतून येणारी एक बारीक टकटक ऐकू आली. व्हॉल्व्ह ढिले झाले होते. कधीपासून झाले असतील, कोण जाणे.

तिनं मग चार लोकांचं मत घ्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी तिची चारपाच जणांची टोळी तळ्याकडे गाड्या घेऊन जायची. त्यात एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी मागे कधीतरी अशीच एक बाईक घेतली होती आणि वर्षाच्या आत विकली होती. दंतवैद्यांनी दोन्ही मनगटं पुढे करून दाखवली. आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटून जी मनगटं शाबूत राहिली, ती त्या बाईकनं सहा महिन्यांत कामातून घालवली म्हणाले. शिवाय गावात दर चौकात थांबायचं, आणि थांबलं की इंजिनाची गरम हवा थेट मांड्यांवर. लिफ्टबाईनं विचारलं, मग विकताना आनंद झाला असेल. दंतवैद्यांनी मनगटं मागे घेतली. "गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडलो," ते म्हणाले.

बेकरीवाल्याचं मत असं पडलं की वहिनींनी ही बाईक घेतलीच पाहिजे, कारण मग त्याला ती एकदा चालवायला मिळेल.

लेकीचं मत तर न मागताच आलं. ती परगावी राहायची आणि लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करायचा व्यवसाय करायची. बापानं तिला फोनवर सांगितलं असणार. आई, तुझ्या वयात पाठीचे मणके, अशी तिनं सुरुवात केली आणि मणक्यांची नावं घेत घेत मानेपर्यंत आली. शेवटी तिनं तोडगा काढला. आधी घरी रोज त्या बैठकीत बसून दाखव. जमलं तर पुढचं बोलू.

म्हणून मग रोज चहा झाला की लिफ्टबाई सोफ्याच्या हातावर घोड्यासारखी मांड टाकायची, पाय मागे घ्यायची आणि समोर ठेवलेल्या स्टुलावर हात टेकून पुढे झुकायची. पहिल्या दिवशी तिच्या पाठीनं लगेच तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मानेनं. नवरा शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असायचा.

"वळण आलं," पान उलटता उलटता तो म्हणाला.

लिफ्टबाईनं डावीकडे अंग कलवलं आणि ती सोफ्यावरून खाली आली. दोघंही खूप हसली. पण वाचनालयाच्या वाटेवर तो गप्पच राहिला, आणि ही गोष्ट आता तिला दुखऱ्या पाठीपेक्षा जास्त टोचायला लागली.

शोरूमनं उपकाराची फेड म्हणून तिला बाईक मनसोक्त चालवून बघायला बोलावलं. सुट्टीचा दिवस होता. नवरा स्वतःहून म्हणाला, मीही येतो. जाताना दोघं जुन्या गाडीवरून गेली. शोरूमच्या दारात लाल बाईक धुऊन पुसून उभी होती.

लिफ्टबाई निघाली ती आधी अगदी हळू, नवी सून पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरते तशी. क्लच घट्ट होता, वळायला गाडी हट्टी होती, आरशांत फक्त स्वतःची कोपरं दिसत होती. पहिल्या चौकातच दंतवैद्यांच्या मांड्यांची आठवण झाली. पण शहराबाहेरचा मोकळा रस्ता लागला, तिनं मनगट जरासं, अगदी जरासंच, पिळलं, आणि झाडं एकदम तिच्यामागे राहिली. जुनी गाडी शेवटच्या गिअरमध्ये धापा टाकत जो वेग गाठायची, तो या बाईकनं पहिल्याच गिअरमध्ये गाठला आणि पुढे काय, असं विचारल्यासारखी गुरगुरली. लिफ्टबाईनं गिअर बदलला. वळणावर तिनं अंग कलवलं आणि सोफ्यावरून पडली होती तसं काही झालं नाही. गाडी वळणात अशी शिरली जशी काही ती त्याच वळणासाठी बनवली होती. हेल्मेटच्या आत कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपणच हसतोय.

परत येऊन तिनं हेल्मेट काढलं तेव्हा नवऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे केस चपटे झाले होते, नाक लाल झालं होतं, आणि चेहरा असा दिसत होता जसा त्यानं फार वर्षांत पाहिला नव्हता. तो विक्रेत्याकडे वळला आणि म्हणाला, आता मीही बसून बघतो.

विक्रेता बुचकळ्यात पडला. मागची सीट असते, बसतात लोक, पण शक्यतो तरुण मंडळी, वजनानं हलकी, असं तो शब्द शोधत म्हणायला लागला. नवरा तोवर चढायला लागला होता. मागे पाय ठेवायचे दांडे इतके वर होते की पहिल्यांदा त्याचा पाय पोचलाच नाही. मग विक्रेत्यानं एका बाजूनं ढकललं, लिफ्टबाईनं पुढून हात दिला आणि ग्रंथपाल एकदाचे वर पोचले. तिथे ते बसले नव्हते, ठेवले गेले होते. गुडघे छातीला टेकलेले, लिफ्टबाईच्या डोक्याच्याही वर डोकं, धरायला काहीच नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाईकवर टेहळणीसाठी माणूस बसवलाय.

लिफ्टबाई अगदी जपून चालवत होती, तरी ब्रेक लावला की नवरा घसरत खाली यायचा आणि त्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटायचं. गती वाढवली की तो मागे जायचा आणि तिच्या जाकिटाला धरून लटकायचा. पहिल्या सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली. नवऱ्याचं डोकं बरोबर बसच्या खिडकीच्या उंचीला आलं. खिडकीत बसलेले गृहस्थ दचकले, कारण ते वाचनालयाचे सभासद होते आणि त्यांच्या मांडीवरचं पुस्तक मुदत उलटून गेल्यावरही त्यांच्याकडेच होतं.

"उद्या आणतो," ते खिडकीतून घाईघाईनं म्हणाले. "खरंच, उद्या. तुम्ही कशाला इथवर आलात?"

सिग्नल सुटला आणि ग्रंथपाल काही बोलायच्या आत बसला मागे टाकून एकदम पुढे गेले.

शोरूमशी परत आल्यावर त्याला उतरता येईना. पाय घडी घातलेल्या खुर्चीसारखे अडकले होते. दोघांनी मिळून ते एकेक करून उलगडले आणि त्याला दाराजवळच्या बाकावर नेऊन बसवलं. विक्रेता पाणी आणायला म्हणून आत गेला आणि शहाणपणा करून आतच थांबला.

नवरा बराच वेळ गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "घे तू ही. पण मी नाही बसणार."

"मग मी नाही घेणार."

"मी बसनं जाईन. वाचनालयासमोरच थांबते ती."

"बसमध्ये बोलणार कोणाशी तुम्ही?"

ते तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिला वाटलं, आता विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकावं. ती बुटांकडे बघत म्हणाली की तुम्ही इतकी वर्षं मागून बोलत आलात, पण खरं सांगायचं तर वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये मला त्यातलं फारसं काही कधी ऐकूच आलं नाही. हं, हो, बरोबर, हे मी अंदाजानं म्हणत आले.

तिला वाटलं, आता हा दुखावणार. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. मी म्हटलं, चाकात हवा कमी वाटतेय, आणि तू म्हणालीस, हो, छान आहे."

"मग बोलत का राहिलात?"

"ऐकू येत नव्हतं म्हणूनच तर. अगं, आपल्याच माणसाच्या पाठीला टेकून हवं ते बोलावं आणि कोणी त्याचा जाब विचारू नये, असं सुख कोणाला मिळतं? वरिष्ठांना शिव्या दिल्या. तुझ्या आईलाही दिल्या, एकदोनदा. नोकरी सोडायचं ठरवलं, परत धरायचं ठरवलं. लेक सासरी गेली तेव्हा महिनाभर काय बोललो ते माझं मलाच माहीत नाही. घरी पोचेपर्यंत मन कसं हलकं व्हायचं."

लिफ्टबाईच्या मनात हिशेब सुरू झाला. इतकी वर्षं आपल्या पाठीमागे एवढं सगळं घडत होतं आणि आपण फक्त रस्ता बघत होतो. आईला नेमक्या काय शिव्या दिल्या हे विचारावंसं तिला फार वाटलं, पण विचारलं असतं तर सगळीच मजा गेली असती. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"मग इतके दिवस का गप्प होतात?" तिनं विचारलं.

"जे बोलायचं होतं ते नेमकं तुला ऐकू जाईल की काय, अशी भीती वाटली," तो म्हणाला. "मला ती बाईक घेऊ नकोस असं म्हणायचं होतं. आणि ते मला म्हणायचं नव्हतं."

जुन्या गाडीवरून घरी येताना तो पुन्हा बोलायला लागला. लिफ्टबाईनं पहिल्यांदाच कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. तिला 'गुडघे' आणि 'विक्रेता' एवढंच कळलं. मग तिनं नाद सोडला आणि हं म्हणाली.

त्या आठवड्यात नवऱ्यानं वाचनालयातून मोटरसायकल शिकण्यावरची होती तेवढी पुस्तकं घरी आणली. लिफ्टबाईला आधी वाटलं, तिच्यासाठीच आणली. पण तो ती स्वतः वाचत होता. शेवटचं पुस्तक मिटून तो म्हणाला की तुझी जुनी गाडी विकू नकोस, मी शिकतो. निवृत्तीला टेकलेला माणूस, ज्यानं सायकलसुद्धा शेवटची शाळेत असताना चालवली होती. लिफ्टबाईनं हसू दाबलं, कारण तो हसत नव्हता.

वाचनालयामागच्या मोकळ्या अंगणात सुट्टीच्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. क्लच म्हणजे काय, हे त्याला तिच्यापेक्षा चांगलं समजावून सांगता येत होतं. सोडता मात्र येत नव्हता. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. एकदा तर ती उभ्या उभ्या, जराही न हलता, त्याच्यासकट कुंपणाच्या झुडपात कलंडली. त्यानं झुडपातूनच सांगितलं की हा प्रकार पुस्तकात दिलेला आहे आणि नवशिक्यांचं होतंच असं. लिफ्टबाई शिकवताना ओरडली नाही. तिनं त्याला ती गोष्ट शिकवली जी ती नव्या कामगारांना शिकवायची: थांबवायला आधी शीक, हलवायचं मागाहून बघू. पावसाळा सरेपर्यंत त्याला थांबता उत्तम यायला लागलं. हलायलाही यायला लागलं, पण त्याचा कल थांबण्याकडेच राहिला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी त्याला आठच्या आकड्यात गाडी फिरवायला सांगितलं. त्यानं ती इतकी सावकाश फिरवली की परीक्षक मधेच जाऊन दुसऱ्या एका उमेदवाराचं काम उरकून आले. पण पाय एकदाही टेकला नाही. परवाना मिळाला. लेकीनं फोनवर आधी आईला रागावून घेतलं, मग बापाला, आणि मग दोघांना मिळून पाठीचा व्यायाम पाठवला.

लाल बाईक घरी आली त्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही रविवारची गोष्ट. टोळी तळ्याकडे निघाली आणि लिफ्टबाई सगळ्यांच्या आधी पोचली. मनगटं अवघडली होती, मांड्या भाजल्या होत्या, आणि ती फार खुशीत होती. दंतवैद्य आले, बाईकभोवती एक चक्कर मारून त्यांनी टाकीवर हात फिरवला आणि लांब जाऊन बसले. बेकरीवाल्यानं लगेच एक फेरी मारायला मागितली आणि लगेच नकार मिळवला. चहा झाला, दुसरा चहा झाला. लिफ्टबाईचं लक्ष रस्त्याकडे होतं. ती दोनदा उठून वळणापर्यंत पाहून आली.

शेवटी तिची जुनी गाडी वळणावर दिसली, मिरवणुकीतल्यासारखी संथ. नवरा ताठ बसला होता. त्यानं येऊन गाडी उभी केली, स्टँड लावला, स्टँड लागल्याची खात्री करून घेतली आणि हेल्मेट काढलं. वाटेत एका पुलावर थांबलो होतो म्हणाला. इतकी वर्षं आपण त्या पुलावरून गेलो, पण खाली नदी कुठल्या बाजूला वळते हे मला आजच कळलं. नेहमी समोर तुझं हेल्मेट असायचं ना.

परत निघताना तो म्हणाला, "तिकडून एक दुसरा रस्ता जातो, शेतांमधून. मी पुढे होतो. तू मागून ये."

लिफ्टबाई मागून निघाली. लाल बाईक पहिल्या गिअरमध्येही अडखळत होती, पंखा सुरू होऊन गरम हवा गुडघ्यांवर येत होती आणि खाली इंजिन चिडून गुरगुरत होतं. तिनं क्लच अर्धा दाबून धरला. पुढे तिच्या जुन्या गाडीवर एक ताठ पाठ होती. मागून एक सायकलवाले आजोबा घंटी वाजवत आले, शेजारून जाताना त्यांनी त्या बाईककडे कौतुकानं पाहिलं आणि निघून गेले. तिनं त्यांना हात केला. मग पुढच्या पाठीनं वळायच्या आधी बरंच अंतर ठेवून, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, डाव्या वळणाचा दिवा लावला, आणि लिफ्टबाईनंही लावला.